हृदयविकाराच्या यादीत खर्रा कुठे?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला हृदयविकारावरचा लेख वाचला. तेलकट खाणे, सिगारेट, ताण, बैठे काम, सगळे आले त्यात. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून चघळायची पुडी, तेवढा नाही. नागपुरात छापलेल्या लेखात तो नसावा, याचे नवल वाटले.

आपल्याकडे खर्रा म्हटला की तोंडाचा कॅन्सर एवढेच आठवते. गेल्या वर्षी माझ्या ४६ वर्षांच्या मेव्हण्याच्या छातीत रात्री जळजळ सुरू झाली, जबडाही दुखू लागला. संध्याकाळी सावजी हॉटेलात झणझणीत जेवला होता, त्यामुळे गॅसच असणार, हे घरात सर्वांनी ठरवून टाकले. सोडा झाला, ओवा झाला, अंगणात येरझाऱ्या झाल्या. पहाटे दरदरून घाम फुटला तेव्हा दवाखाना आठवला. एक मोठी धमनी बंद होती. स्टेंट बसला, वाचला. भरती करताना विचारले होते, बिडी-सिगारेट? दारू? दोन्हींना तो ‘नाही’ म्हणाला, आणि ते खरेच होते. दिवसाला सहा खर्रे हे त्याच्या लेखी व्यसन नव्हतेच.

पानठेल्यावर दोन मिनिटे उभे राहून पाहा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून पोरगा पाटीवर दणादण घोटतो, रबर गुंडाळून पुडी देतो. धूर नाही म्हणून माणूस बिनधास्त. पण निकोटिन धुरातून गेले काय नि गालातून गेले काय, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला, तेही २००६ मध्येच. आपल्या दक्षिण आशियात पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच अभ्यासातले.

सगळे खापर खर्ऱ्यावर फोडणार नाही. मेव्हण्याचे बीपी चार वर्षांपासून दीडशेच्या वर होते आणि ‘एकदा सुरू केली की जन्मभराची’ म्हणून गोळी त्याने परस्पर सोडली होती. पोट सुटलेले, वडिलांना मधुमेह, चालणे म्हणजे घर ते गाडी. धमनीत चरबीचा थर वर्षानुवर्षे साचतो. तो फाटून रक्ताची गाठ अडकते ती मात्र एका रात्रीत.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी खर्रा चौकाचौकात घोटला जातो. बंदीवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. दवाखान्यांनी आणि कंपन्यांच्या आरोग्य तपासणीवाल्यांनी निदान ‘दिवसाला खर्रे किती?’ असे सरळ विचारावे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आमची माणसे बिनदिक्कत नाही म्हणतात.

मेव्हण्याने खर्रा सोडला आहे, निदान आमच्यासमोर. परवा फेरतपासणीला सोबत गेलो, तर फाइलवर अजून ‘व्यसन : नाही’ असेच होते. तिथेच उभे राहून ते खोडायला लावले.

– एक वाचक, महाल, नागपूर