मंत्रिमहोदय, आयरिश चित्रपटाची चावी कुठे राहिली?

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. आता निवृत्त आहे. निवृत्त म्हणजे घरी बसून आहे, कारण त्या नोकरीला पेन्शन नसते. आपल्या खात्याच्या अनुदानावर जो चित्रपट महोत्सव भरतो, त्याला मी गेली सहा वर्षं नेमानं येते. यंदा त्यात ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या नव्या चित्रपटांचा विभाग होता. नऊ चित्रपट. पुस्तिका हाती पडल्यापासून मी पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. त्यासंबंधी हे पत्र. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

गेल्या वर्षी समारोपाच्या भाषणात आपण दोन गोष्टी जाहीर केल्या होत्या. ज्येष्ठांना वेगळी रांग आणि प्रत्येक खेळाला वीस टक्के जागा राखीव, ही पहिली. निवडक परदेशी चित्रपट मराठी सबटायटल्स लावून तालुक्याच्या गावांत दाखवणार, ही दुसरी. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जूनमध्ये आठवणीचं पत्र पाठवलं, ऑगस्टमध्ये दुसरं. उत्तर एकदाच आलं, की आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधितांकडे अग्रेषित करण्यात आले आहे. हे संबंधित कोण, ते कळलं तर त्यांनाही एक पत्र टाकीन म्हणते.

यंदा ज्येष्ठांच्या रांगेचा फलक होता, हे मान्य केलं पाहिजे. चांगला मोठा, आपल्या फोटोसकट. फलकामागे रांग मात्र नव्हती, तीन स्कूटर लावलेल्या होत्या. सकाळी दहाच्या ब्रिटिश चित्रपटासाठी मी सात चाळीसला येऊन उभी राहिले. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणून डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली. रांगेत पुढे कॉलेजची मुलं, मागेही कॉलेजची मुलं. त्यातल्या एकीनं स्वतःची सॅक जमिनीवर ठेवून ‘आजी, यावर बसा’ म्हटलं. तिची हकिकत तेवढीच, पण पत्रात चांगलं काही लिहायला मिळालं तर लिहावं.

आत गेलो तर पुढच्या दोन ओळी सोफ्यांच्या. पांढरी सॅटिनची कव्हरं, प्रत्येकावर ‘मान्यवरांसाठी राखीव’ असा कागद आणि पाण्याची एक सीलबंद बाटली. मी मोजले, बावीस सोफे. बाकीच्या खुर्च्या माझ्या पुढच्या मुलापाशीच भरल्या. गळ्यात पट्टा घातलेल्या स्वयंसेवकाला म्हटलं, बाबा, चित्रपट सुरू झाला, मान्यवर आले नाहीत, आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांना बसू दे. तो म्हणाला, ‘आजी, वरून ऑर्डर आहे.’ मग मी पायऱ्यांवर बसले. पाऊण तासानं दुसरा पट्टेवाला आला. पायऱ्यांवर बसणं अग्निशमनाच्या नियमात बसत नाही म्हणाला, आणि मला बाहेर काढलं. वळून पाहिलं तर सोफ्यांवर बाटल्या तशाच बसून होत्या. तो चित्रपट त्या बावीस बाटल्यांनी शेवटपर्यंत पाहिला. मी अर्धा.

पण माझं खरं दुखणं ते नाही.

माझी मुलगी डब्लिनला असते. नातू आठ वर्षांचा. तिथल्या शाळेत त्याला आयरिश शिकवतात, सगळ्यांनाच शिकावी लागते. आयर्लंडच्या राज्यघटनेत ती पहिली राजभाषा आहे, इंग्रजी दुसरी. फोनवर तो मला ‘गुर मा अगत’ म्हणतो, म्हणजे धन्यवाद, आणि ठेवताना ‘स्लान’. मराठीत त्याला ‘आजी’, ‘भात’ आणि ‘नको’ येतं. या आयरिशचा मला आधी रागच यायचा. आमच्याकडून पोर काढून नेलं, ते निदान इंग्रजीनं न्यावं, ती तरी माझ्या ओळखीची. मग वाटलं, बघावी तरी कशी बोलतात ही भाषा. दोन तास कानावर पडू दे. विभागात आयरिश भाषेतला एकच चित्रपट होता. नाव लिहीत नाही. त्याच्या स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं उच्चारायची नसतात, आणि नेमकी कुठली ते मला अजून कळलेलं नाही. रविवारी दुपारी साडेतीनचा खेळ. त्यासाठी मी लॉजवर तिसरी रात्र काढली.

तीन वाजता घोषणा झाली की तांत्रिक कारणास्तव खेळ रद्द. त्याऐवजी शासकीय योजनांचा माहितीपट दाखवला. दोनदा.

आता हे तांत्रिक कारण काय होतं ते ऐका, कारण तुम्हाला ते कुणी सांगितलं नसणार. (वर मी ‘आपण’ लिहीत होते. आता ‘तुम्ही’ आलं, राहू दे.) प्रोजेक्शनच्या खोलीबाहेर एक पोरगा डबा खात बसला होता, त्यानं मला समजावलं. हल्ली रिळं नसतात. चित्रपट हार्ड डिस्कमध्ये कुलूपबंद येतो आणि त्याची चावी वितरक वेगळी पाठवतो. ही चावी ठरलेल्या पडद्याच्याच यंत्राला लागते आणि ठरलेल्या वेळेतच चालते. या चित्रपटाची चावी पडदा क्रमांक एकसाठी होती, साडेतीनची. पण पडदा एक म्हणजे मोठं सभागृह, आणि तिथे आयत्या वेळी तुमचा सत्कार ठरला. मग चित्रपट चार नंबरला हलवला. चार नंबरच्या यंत्राला ती चावी लागेना. नवी मागवायची तर तिकडे रविवार, सकाळचे साडेनऊ-दहा, कोण उठून देणार! म्हणजे महोदय, चित्रपट आला होता, चावीही आली होती. फक्त कुलपाच्या जागी तुम्ही शाल पांघरून उभे होतात.

त्याच सत्काराला उत्तर देताना तुम्ही म्हणालात, ‘इंग्लंडमधील आयर्लंडसारख्या भागातूनही इथे चित्रपट आले.’ मी मागे उभी होते, स्वतःच्या कानांनी ऐकलं. पहिल्या रांगेत आयर्लंडहून आलेल्या एक बाई होत्या. दुभाषा त्यांच्या कानात बोलत होता. तो मध्येच थांबला आणि खोकला. साहेब, आयर्लंडनं १९२२ साली इंग्रजांना बाहेर काढलं. उत्तरेचे सहा परगणे तेवढे ब्रिटनकडे राहिले, आणि त्या जखमेवर अजून खपली धरलेली नाही. सीमाभाग म्हणजे काय हे महाराष्ट्राच्या मंत्र्याला मी सांगायचं? बेळगावबद्दल परक्या देशात कुणी असं बोललं असतं तर तुम्ही विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसला असतात. बरं, बेळगावचंच सांगते. टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग काढली ती बेळगावात, आणि ‘होमरूल’ हा शब्द आणला आयर्लंडहून. इतकं लांब जायचं नसेल तर मालवण तालुक्यातलं वराड गाव आहे. तिथल्या वराडकरांचा मुलगा लिओ दोनदा आयर्लंडचा पंतप्रधान झाला. तेव्हा अभिनंदनाचे फलक आपल्याकडेही लागले असतीलच, फोटोसकट.

तिकडचं सरकार त्या भाषेसाठी काय करतं तेही वाचा. २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे भरले जेमतेम ७२ हजार. आपल्या सातारा शहरात याहून जास्त माणसं राहतात. त्या ७२ हजारांसाठी १९९६ पासून स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी आहे, टीजी-फोर. २०१७ पासून ही वाहिनी, तिथलं चित्रपट मंडळ आणि प्रसारण नियामक मिळून आयरिश भाषेतल्या कथापटांना पैसे देतात. त्याच योजनेतला ‘द क्वाएट गर्ल’ २०२३ मध्ये ऑस्करच्या नामांकनात गेला, आयरिश भाषेतला पहिला. २०२४ मध्ये ‘नीकॅप’ अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाला गेला, तिथेही आयरिश भाषेतला पहिला. उत्तरेतल्या बेलफास्टच्या, रॅप गाणाऱ्या पोरांचा, शिवराळ, आणि ब्रिटिश सरकारवर तोंडसुख घेणारा. तरी सरकारी पैसा मिळाला. इथे एखाद्यानं तालुक्याच्या आमदारावर विनोद करून अनुदान मागून दाखवावं. शिवाय २०२२ मध्ये आयर्लंडच्या सरकारनं दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो नुसते द्यायला घेतले. युरो शंभर रुपये धरला तरी महिन्याला एक लाख चाळीस हजारांच्या घरात होतात. हिशेब चुकत असेल तर तुमच्या लेखाधिकाऱ्याकडून तपासून घ्या. आमच्या वाचनालयाच्या शिपायाला साडेतीन हजार मिळतात, तेही अनुदानाचा हप्ता आला तर.

आणि आपण? मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. पुढच्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश काढला, लोक खवळले तसा जूनअखेर मागे घेतला. आमच्या शेजारच्या वाडीतली शाळा पट कमी म्हणून बंद व्हायच्या बेतात आहे. गावात टॉकीज होतं, तिथे आता मंगल कार्यालय आहे. पडद्याच्या जागी स्टेज, स्टेजवर सिंहासनं. वाचनालयाच्या ‘ब’ वर्गाचा ‘अ’ करा म्हणून मी अकरा वर्षं प्रस्ताव पाठवले. दर वेळी एक नवीन त्रुटी. एकदा तर छताच्या पंख्यांची संख्या जुळत नाही म्हणून परत आला. हे कुठल्या चित्रपट महोत्सवाशी संबंधित आहे असं विचारू नका. सगळं एकाच टेबलावरून जातं.

तुमच्या खात्यातल्या कुणीतरी एका वर्तमानपत्राला सांगितलं की या विभागाला ‘मर्यादित प्रतिसाद’ होता, आपल्या लोकांना ब्रिटिश चित्रपटांत काय रस! ब्रिटिश चित्रपट म्हणजे नेमका कोणता, हे त्यांना विचारा. २०२४ साली ब्रिटननं ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी पाठवलेला ‘संतोष’ हिंदीत आहे. दिग्दर्शक संध्या सुरी, गोष्ट उत्तर भारतातल्या महिला पोलिसाची. त्याच वर्षी आयर्लंडनं ‘नीकॅप’ पाठवला. दोन्ही निवडक पंधरांच्या यादीत गेले. ब्रिटननं भारतातल्या भाषेतला चित्रपट पुढे केला, आणि भारताच्याच सेन्सॉरनं तो थिएटरात येऊ दिला नाही. ‘सिस्टर मिडनाइट’ हाही ब्रिटिश चित्रपट, घडतो मुंबईत. आणि रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’! २०२५ ला सनडान्सला गेलेला पहिला मराठी चित्रपट, तिथे मोठं पारितोषिक घेऊन आला. त्याच्या निर्मितीत भारताबरोबर ब्रिटन आणि कॅनडाही आहेत. सनडान्सला एका वर्षी पहिला आयरिश, पुढच्या वर्षी पहिला मराठी. मला हे वाचून तुमच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त आनंद झाला होता. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत यातलं एक अक्षर नाही. पहिली तीन पानं शुभेच्छा संदेशांना दिलीत, जागा कुठून उरणार? रस आम्हाला आहे. दाराबाहेर उभे होतो ते प्रतिसादात मोजले नाहीत, आणि बाटल्या मोजल्या की नाही ते माहीत नाही.

खर्चाचंही सांगते. डेलिगेट पास ६००. लॉज तीन रात्री २७००, उशी ओली होती. एसटी जाऊन-येऊन ३१०, तेही बायकांना अर्धं तिकीट म्हणून, त्याबद्दल आभार. रिक्षा ४८०. जेवण-चहा ७००. एकूण ४७९० रुपये. नऊपैकी पाहायला मिळाले दोन, आणि तो पायऱ्यांवरचा अर्धा. अडीचनं भागलं तर एका चित्रपटाला १९१६ रुपये. म्हटलं, वा! होमरूलचं साल. डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध बंड झालं तेही हेच.

माझ्या मागण्या तीन होत्या. सोफे काढा. एकदा चावी आली की पडदा बदलू नका, सत्कार बागेत करा. तिसरी मराठी सबटायटल्सची, पण ती तुम्ही स्वतःच जाहीर केली होती, तेव्हा मागणी कसली, ती उधारी आहे. आयरिश चित्रपटाला इंग्रजी सबटायटल्स असतातच. ती मराठीत करून द्यायला आमच्या वाचनालयाच्या दोन वाचक बाई तयार आहेत, फुकट. तसं लेखी कळवलं होतं. तेही अग्रेषित झालं असेल.

सोबत पासची झेरॉक्स, लॉजची पावती, एसटीची तिकिटं आणि तुमच्या गेल्या वर्षीच्या भाषणाचं कात्रण जोडलं आहे. मूळ कात्रण माझ्याकडे आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
जि. सातारा

ता. क. रविवारी रात्री नातवाचा फोन आला होता. इंग्रजीतच विचारत होता, ‘आजी, फिल्म पाहिला? कळला?’ मी हो म्हणाले. छान होता म्हणाले. तो इतका खूश झाला, की त्याच्या बाईंना शाळेत सांगणार म्हणाला, आणि येत्या रविवारी मला त्यातलं विचारणार आहे. साहेब, रविवारच्या आत त्या चावीचं काही होतं का बघा.