‘जाऊ दे, काही नाही’ म्हणू नकोस

प्रिय मुग्धा,

तुझ्या केळवणाहून आल्यापासून हे लिहायचं मनात आहे. फोन केला असता, पण फोनवर मला निम्मं कळत नाही हे तुला ठाऊकच आहे.

मावशींनी विचारलं ना, “मशिन लावलंय, मग आता नीट ऐकू येत असेल?” मायेनंच विचारलं त्यांनी. पण त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. मला आवाज येतो, शब्द लागत नाहीत. सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधानं अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात; आधी जातात त्या उंच सुरांच्या, आणि पुन्हा येत नाहीत. म्हणून आ, ओ ठणठणीत पोचतात. स, श, फ गळतात. भाजीवाला ‘साठ’ म्हणतो, मला ‘आठ’ ऐकू येतं. मशिन आवाज मोठा करतं, पण पंगतीतला भांड्यांचा खणखणाटही तेवढाच मोठा करतं.

चिपळूणला तुमच्या ओटीवर तू म्हणालीस, “रातकिडे किती किरकिरतायत गं!” मला फक्त पागोळ्या ऐकू येत होत्या. ते अजून सलतं.

आई अजून विचारते, दुसरं औषध नव्हतं का? हाडाच्या कॅन्सरला ते द्यावंच लागलं, आणि चौदाव्या वर्षी मी वाचले ती त्यामुळेच. त्या औषधावर माझा राग नाही. राग याचा, की उपचार चालू असताना कुणीच कान तपासले नाहीत. शाळेत ‘लक्ष नसतं हिचं’ असं वर्षभर ऐकल्यावर तपासणी झाली. 2022 साली अमेरिकेत सोडियम थायोसल्फेटला मान्यता मिळाली. गाठ पसरलेली नसेल, तर सिस्प्लॅटिननंतर काही तासांनी ते शिरेतून देतात आणि बऱ्याच मुलांचं ऐकणं वाचतं. ते वाचून मी रडले गं, आनंदानंच जास्त.

दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचं विचारत होतीस. कायद्याला बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांचं किमान 60 डेसिबल नुकसान लागतं. माझे खालचे सूर शाबूत, त्यामुळे मी त्यात बसत नाही.

आता तुझ्याकडे एक मागणं. मी “काय?” विचारलं की “जाऊ दे, काही नाही” म्हणू नकोस. केळवणात सगळे खदखदून हसले, मी विचारलं, आणि तू तेच म्हणालीस. कॅन्सरच्या सगळ्या दिवसांत तू मला एकटं पडू दिलं नाहीस. त्या क्षणी मात्र मी एकटी होते. माझ्याकडे तोंड करून पुन्हा सांग, तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांग, नाहीतर मोबाइलवर टाइप कर. ओरडू नकोस, ओरडल्यानं शब्द आणखी फाटतात.

लग्नात मला बँडपासून लांब, भिंतीला पाठ करून बसव. आणि उखाणा कोणता घेणार आहेस तो आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठव. सगळ्यांबरोबरच हसायचंय मला.

तुझी,
रेवा