सूचना : गाडी गॅरेजला टाकण्याआधी

सभासदहो, नमस्कार.

आपल्या तीन सभासदांच्या जुन्या गाड्यांतले मूळ पार्ट गायब झालेत. गॅरेज तिघांचं एकच. नाव इथे लिहीत नाही, तक्रार दिली आहे. त्यात माझी ६६ सालची फियाटही. वीस वर्षांचा मेस्त्री, घरच्यासारखा, म्हणून मी पावतीसुद्धा मागत नसे (चूक माझीच). बॉनेट उघडलं तर मूळ सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या (इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग) जागी कुठलासा चकचकीत दुसराच. वर म्हणतो, "साहेब, तोच आहे, फक्त धुतलाय!"

तेव्हा गाडी देताना इंजिन नंबर, चासी नंबर, कार्ब्युरेटर, मीटर, हबकॅप सगळ्यांचे फोटो काढा. जॉबकार्डावर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर) यादी लिहून सही घ्या. काढलेला पार्ट भंगार असला तरी परत मागा. इंजिनवर विशेष लक्ष ठेवा : २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण इंजिन, चासी किंवा बॉडीत फेरफार असेल तर ती अडते.

विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे. "आपसात मिटवा" ऐकून ठाण्यातून परत फिरू नका.

आणि बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फियाटचा सोलेक्स दिसला, तर भाव करत बसू नका, आधी ग्रुपवर फोटो टाका.

— कार्यवाह