बूट गळ्यात अडकवून

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. अंधेरीला गुडघाभर पाण्यातून चपला हातात घेऊन चाललायस आणि मित्रांबरोबर खिदळतोयस. मी लगेच फोन करून एवढी ओरडले की तू म्हणालास, "अगं आई, पाणीच आहे, काय झालं एवढं?" तेव्हा मी फोनच ठेवून दिला. काय झालं ते माझ्याने तोंडाने सांगवत नाही. म्हणून वहीच्या कागदावर लिहून फोटो पाठवतेय. अक्षर लावून घे.

आजीच्या घरी मामाचा हार घातलेला फोटो तू पाहिलायस. "तापाने गेला" एवढंच तुला सांगितलं होतं. तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. पुढे आजीसमोर विषय काढायचा नाही, अशी सगळ्यांनाच सवय लागली. त्यामुळे तुझ्यासाठी मामा म्हणजे फक्त तो फोटो. आणि त्या फोटोत तो गंभीर दिसतो, जसा तो कधीच नव्हता.

तुला आमटीभात भरवायचं काम त्याचं. तू तोंड घट्ट मिटून बसायचास. मग तो नाकात बोलायचा, अगदी प्लॅटफॉर्मवरच्या बाईसारखा, "कृपया लक्ष द्या. कुर्ल्याहून सुटणारी ही जलद गाडी सायन, माटुंगा स्थानकांवर थांबणार नाही." चमचा तुझ्या दोन्ही गालांजवळून जायचा आणि "दादर!" म्हटलं की तू आ वासायचास. उरलेला भात तो स्वतः खायचा आणि मला सांगायचा, भाच्याने ताट चाटूनपुसून साफ केलं. लबाड होता. व्हिडिओत तू मान मागे टाकून हसलास ना, ते त्याचं हसणं आहे. मला आधी ते दिसलं, पाणी नंतर.

२६ जुलै २००५, मंगळवार. आखाडात मी तुला घेऊन कुर्ल्याला माहेरी आले होते. मामा अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरीला लागून आठ महिने झाले होते. दुपारी दोनच्या सुमारास जो पाऊस लागला, तो पाऊस म्हणावा असा नव्हताच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि तिकडे कुलाब्याला जेमतेम ७३. लोकल बंद, फोन बंद, मिठी नदी रस्त्यावर. आजोबा रात्रभर गॅलरीत कंदील घेऊन उभे होते.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. साकीनाक्यावरून चालत, कुठे कमरेएवढ्या तर कुठे छातीएवढ्या पाण्यातून. रात्र एका अनोळखी कुटुंबाच्या जिन्यात काढली होती, त्यांनी चहा-बिस्किटं दिली होती. दारात उभा राहिला तेव्हा पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी आणि नव्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून जोडी गळ्यात अडकवलेली. मला म्हणाला, "बघ ताई, थेंब नाही लागू दिला."

सोनू, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. ते बूट त्याने पगारातून साठवून अकराशे रुपयांना घेतले होते. त्या सकाळी तो निघताना मीच म्हटलं होतं, "भिजवून आणलेस तर बघ, घरात घेणार नाही." बूट नवे होते, चावायचे. दोन्ही टाचांवर फोड येऊन फुटले होते. त्या उघड्या टाचांनी तो त्या पाण्यातून चालत आला.

त्या पाण्यात उंदीर-घुशींचं, गुराढोरांचं मूत असतं. जखमेतून जंतू शरीरात शिरतो आणि साधारण आठ-दहा दिवस काहीच कळत नाही. दिव्याच्या अवसेला आई दिवे घासत बसली होती आणि तो म्हणाला, पोटऱ्या दुखतात. आम्हाला वाटलं, एवढं चालला म्हणून. मग ताप, डोळे लाल. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. त्यांना तरी काय बोलायचं, त्या दिवसांत त्यांच्या दवाखान्याची रांग रस्त्यावर आलेली असायची. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. इस्पितळात गेलो तेव्हा लेप्टोस्पायरोसिस हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मला तो नीट उच्चारताही येईना. मूत्रपिंडं बंद पडत गेली. चार दिवस. तेवीस पूर्ण व्हायचे होते त्याला.

त्यानंतरचं लिहीत नाही. आजीने ते बूट माळ्यावर ठेवलेत, खोक्यात, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. दर दिवाळीला काढून पॉलिश करते. मी त्या खोलीत थांबत नाही, आणि आजीला वाटतं मला पॉलिशचा वास सोसत नाही.

आता नीट वाच. पाण्यातून चालून आलेल्यांनी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, असं महापालिका आता पावसाळ्यात सांगत असते. डॉक्सिसायक्लिन म्हणतात तिला. तू काल संध्याकाळी सातला पाण्यात होतास. आज ऑफिसला जायच्या आधी डॉक्टरकडे जा, पाण्यातून आलो म्हणून स्वतःहून सांग, मनाने काही घेऊ नकोस. त्यांच्या चिठ्ठीचा फोटो मला पाठव. येत्या महिन्यात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर "प्रवासाने दुखतायत" म्हणून घरी बसू नकोस.

आणि टाचा बघ. कुठे सोललंय, कापलंय का, खरं सांग. चपला पाण्यात गेल्या असत्या तरी चाललं असतं. मी नव्या घेऊन दिल्या असत्या.

तुझी,
आई