बंदरांचा इतिहास सांगताना तेर विसरू नका

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : तेर, पैठण आणि भोकरदन इथल्या प्राचीन पेठांची पांढर (जुन्या वस्तीची टेकाडं) वाचवण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी धाराशिवात कापडाचं दुकान चालवतो. माझ्याकडचे निम्मे तागे सुरतेहून येतात, उरलेले इचलकरंजी-मालेगावहून. दोन हजार वर्षांपूर्वी हीच वाहतूक उलटी चालायची. माल इथून निघायचा आणि सुरतेच्या वर असलेल्या भडोचला जाऊन जहाजात चढायचा. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण कापडाचा धंदा कुठून कुठं जातो हे मला कळतं, म्हणून हे पत्र.

समुद्री वारसा म्हटलं की आपल्याकडं सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी डोळ्यांपुढं येतात. हे चारही किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्याचा आनंद इथंही झाला. सोपारा, कल्याण, चौल यांचंही नाव अधूनमधून निघतं. मराठवाड्याचं मात्र या विषयात कधीच निघत नाही. समुद्र नाही तर समुद्राचा वारसा कसला, असा साधा हिशेब असावा. व्यापाऱ्याला हा हिशेब पटत नाही. बंदरावर माल फक्त चढतो नि उतरतो. तो विणणारे, रंगवणारे, गोळा करून गाड्या भरणारे लोक आत असतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या माणसानं हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही, पण माणूस धंद्यातला होता हे ओळीओळीला जाणवतं. कुठं काय विकतं, कुठं काय स्वस्त मिळतं, कुठला राजा त्रास देतो, याकडंच त्याचं लक्ष. दक्षिणापथातल्या, म्हणजे दख्खनच्या, पेठांपैकी दोन तो खास म्हणून सांगतो : भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हे जॉन फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं. (खरं तर तेर पैठणच्या आग्नेयेला येतं. स्वारी स्वतः इकडं आली नसावी, भडोचच्या पेढीवर बसूनच ऐकलं असावं.) पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड, तगरहून भरपूर जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा सगळा माल रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांनी भडोचला उतरतो, असं तो लिहितो. ‘रस्ते नसलेल्या’ हे शब्द वाचून आमच्याकडं लोक हसतात, ते का हसतात हे आपल्याला सांगायला नको.

त्याच नोंदीत पुढं आहे की समुद्रकाठच्या मुलखातला मालही तगरला येऊन तिथून पुढं जायचा. अभ्यासक याचा अर्थ पूर्व किनारा असा लावतात. म्हणजे आतला हा गाव दोन समुद्रांच्या मधली आडतपेठ होता. आणि पैठणचा माल जवळच्या कल्याणला न जाता इतक्या लांब भडोचला का जायचा, याचं उत्तरही तिथंच मिळतं. कल्याणच्या बंदराची तेव्हा राजकीय भांडणात कोंडी झाली होती. तिकडं चुकून गेलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. राज्यकर्त्यांच्या भांडणात गाडीवानाचा फेरा वाढतो, हे तेव्हापासूनचं आहे.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आहे आणि त्याच घडणीचा नमुना भोकरदनलाही. तेरला शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळतात, आणि शंख काही गावच्या तेरणा नदीत होत नाही. रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कलही मिळते, वर दोरा ओवायला कडी असलेली. ज्यांना सोन्याचं नाणं परवडत नव्हतं त्यांनी मातीचं गळ्यात घातलं असणार. मला त्या सगळ्या वस्तूंत हीच फार आवडते. राजेरजवाडे बाजूला राहतात आणि बाजारात हिंडणारी बाई दिसते.

यातलं बरंच काही आज गावात आहे, ते तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळं. पाऊस पडून गेला की टेकाडांवर मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडायच्या. त्या त्यांनी जमवल्या, जपल्या. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तेरला उभं आहे. नाहीतर तेर म्हणजे गोरोबाकाका एवढंच लोकांना ठाऊक. समाधीचं दर्शन घेऊन भाविक परततात. विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं जाणकार सांगतात. ते पाहायला थांबणारे थोडे, टेकाडांकडं वळणारे त्याहून थोडे.

पैठणच्या व्यापाऱ्यांचे लेख तर कोरीव आहेत. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या मितदेव नावाच्या गांध्याच्या घराण्यानं दिलेल्या खांबाची नोंद आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी तो. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथल्या माणसांची दानं सांची आणि भारहूतच्या शिल्पांवर कोरलेली आहेत. आणि कोकणचे शिलाहार राजे, ज्यांची सत्ता ठाण्याच्या किनाऱ्यावर होती, ते हजारएक वर्षांपूर्वी स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवून घेत. बंदरांचे राजे मूळ सांगताना आमच्या तेरचं नाव घेत होते. आज तेच तेर बंदरांच्या यादीत शेवटीसुद्धा नाही.

आता मागणी. आमच्याकडं माळवदाची घरं असतात. छत गळू नये म्हणून त्यावर पांढरी माती टाकतात. ती चांगली मिळते ती जुन्या वस्तीच्या टेकाडात, म्हणूनच अशा जागेला आम्ही पांढर म्हणतो. पिढ्यान् पिढ्या गावांनी ही माती नेली. त्यात गुन्हा काही नाही, छत गळत होतं. पण पूर्वी बायका पाट्यांनी आणायच्या, आता ट्रॅक्टर लागतो, आणि ट्रॅक्टरच्या एका खेपेत सातवाहन काळाचा थर जातो. १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा नुसत्या देवळांसाठी नाही, अशा स्थळांनाही त्यात संरक्षण देता येतं. तेर, पैठण, भोकरदन इथं जेवढी पांढर उरली आहे तिची मोजणी करून, हद्दीच्या खुणा रोवून ती संरक्षित करावी. बदल्यात माळवदाच्या घरांना दुरुस्तीसाठी दुसरी माती किंवा पैसे द्यावेत. नुसता बंदी-फलक लावलात तर माती रात्री जाईल, एवढंच होईल.

दुसरं असं की उत्खननं या तिन्ही ठिकाणी झाली आहेत, पण त्यांत काय निघालं ते गावकऱ्याला समजेल अशा मराठीत कुठं वाचायला मिळत नाही. शाळेत लावता येईल असा एक नकाशा छापा. त्यात तेर, पैठण, भोकरदन, पितळखोरे, नाणेघाट, कल्याण, सोपारा आणि भडोच एकाच वाटेवर दाखवा. खर्च फार नाही.

वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं. समृद्धी महामार्ग आता जालना, छत्रपती संभाजीनगरवरून थेट ठाणे जिल्ह्यात उतरतो. जालन्याला ड्राय पोर्टचं, म्हणजे समुद्रापासून आत असलेल्या मालतळाचं, काम हाती घेतलं आहे. शासन मराठवाड्याला पुन्हा समुद्राशी जोडतंय, चांगली गोष्ट आहे. उद्या वाढवणच्या बंदरात सागरी इतिहासाचं दालन निघालं, तर त्यातल्या एका काचेमागं तेरची मातीची नाणी ठेवावीत. मूळ वस्तू तेरलाच राहाव्यात, तिकडं प्रतिकृती चालतील.

माळवदावर पांढरी टाकायचं काम आमच्याकडं उन्हाळ्यात चालतं, मृगाच्या आत उरकावं लागतं. पांढरीबाबतचा आदेश चैत्राच्या आधी निघाला तर या वर्षीच्या खेपा थांबतील. आषाढात निघाला तर तो पुढच्या वर्षासाठी.

आपला,
धाराशिवचा एक कापड दुकानदार