टॅब दिला, आता तो शिकवाही

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

नागपूरच्या महाल भागातील एका अभ्यासिकेत मी गेली चार वर्षे रोज सायंकाळी दोन तास बसते. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर पुस्तकांची देवघेव सांभाळावी, एवढाच हेतू होता. परंतु अलीकडे माझ्याकडे पुस्तकांपेक्षा टॅबच्याच अडचणी अधिक येतात. नागपुरातच मुख्यालय असलेली ‘महाज्योती’ ही संस्था इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब देत आली आहे, ही मोठी सोय आहे. ज्यांना तो मिळत नाही, त्यांचे आईवडील पोटाला चिमटा काढून सीताबर्डीच्या बाजारातून नवा किंवा जुना टॅब आणून देतात. एवढे करून घरात आलेल्या त्या यंत्राचा उपयोग बहुतेक मुले व्याख्यानांचे व्हिडिओ पाहण्यापलीकडे करीत नाहीत. टॅब म्हणजे मांडीवर मावणारा टीव्ही, अशीच त्यांची समजूत झालेली दिसते. यात मुलांचा दोष मला फारसा वाटत नाही, आणि तेच सांगण्यासाठी हे पत्र आहे.

राज्यसेवेची तयारी करणारा एक मुलगा माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. एके दिवशी तो टॅबवर पीडीएफ वाचत होता आणि त्याच टॅबवरील वहीत मुद्दे उतरवत होता. एक परिच्छेद वाचायचा, पीडीएफ बंद करायची, वही उघडायची, दोन ओळी लिहायच्या, पुन्हा वही बंद करून पीडीएफमध्ये आधीचे पान शोधायचे, असा त्याचा क्रम चालला होता आणि प्रत्येक फेरीत पान हरवत होते. मी त्याला अलीकडे वापरलेल्या अ‍ॅपची यादी उघडायला सांगितली, वरच्या छोट्या चिन्हावर बोट ठेवून ‘स्प्लिट स्क्रीन’ निवडायला लावले, आणि पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात पीडीएफ व उजव्या भागात वही असे दोन्ही एकदम उघडले. तो क्षणभर पाहतच राहिला, मग म्हणाला, “मॅडम, हे माझ्याच टॅबमध्ये होतं का?” होते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१६ पासून आहे आणि निवडक आयपॅडमध्ये त्याच्याही एक वर्ष आधीपासून. त्याच्या हातात तो टॅब दीड वर्ष होता.

मराठीत टंकन करणाऱ्यांची अडचण याहून वेगळी आहे. ‘परिक्षा’ असे चुकून लिहिले गेले की मुले ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करण्यासाठी जाड बोटाने नेमक्या अक्षरावर टिचकी मारू पाहतात, कर्सर भलतीकडेच जाऊन बसतो, आणि शेवटी कंटाळून अख्खा शब्द पुसून पुन्हा लिहितात. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर स्पेसबारवर बोट ठेवून ते डावीउजवीकडे सरकवले की कर्सर एकेक अक्षर सरकतो. तो ‘रि’च्या पुढे आणून एकदाच खोडले तर फक्त वेलांटी जाते, ‘र’ जागेवर राहतो, आणि मग दीर्घ वेलांटी दिली की काम झाले. शुद्धलेखनाची आवड असलेल्या माझ्यासारखीला या एका युक्तीने जेवढा आनंद दिला, तेवढा टॅबच्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने दिलेला नाही. त्याच कीबोर्डवर क्लिपबोर्ड उघडला की नुकताच कॉपी केलेला मजकूर सापडतो. मात्र तो तासाभराने निघून जातो. जो मजकूर पुन्हा पुन्हा लागतो, तो तेथेच पिन करून ठेवावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे एका मुलीने दुपारी जमवलेली टिपणे जेवून येईपर्यंत गमावली होती. वैयक्तिक शब्दकोशात संक्षेप भरून ठेवण्याचीही सोय आहे. ‘मसं’ एवढे लिहिले की ‘मा. संपादक’ हे शब्द सुचवणीत येतात. या पत्राचा मायना तसाच लिहिला आहे.

बोलून लिहिण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याबाबत गैरसमज फार आहे. बोललेले लिहून घेणे फक्त इंग्रजीतच जमते, असे पुष्कळांना आजही वाटते. गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये ज्या आठ भारतीय भाषांसाठी आवाजी टंकनाची सोय दिली, त्यांत मराठी होती. कीबोर्डची भाषा मराठी करून माइकच्या चिन्हावर बोट ठेवले की आपण बोलू ते देवनागरीत उमटते. विरामचिन्हे मागाहून भरावी लागतात, विशेषनामे तपासावी लागतात, आणि आमच्या वऱ्हाडी ‘काऊन’चा त्याने एकदा हिंदी ‘कौन’ करून टाकला होता, हे खरे. तरीही एका पानाचा कच्चा मसुदा चारपाच मिनिटांत तयार होतो. अभ्यासिकेत शांतता पाळावी लागत असल्यामुळे आमची मुले त्यासाठी बाहेर कडुलिंबाखाली जातात आणि भिंतीकडे तोंड करून भारतीय संघराज्याविषयी बोलत उभी राहतात. येणाऱ्याजाणाऱ्यांना ते दृश्य चमत्कारिक वाटते. हल्ली कोणी विचारत नाही.

लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे उत्तरे कागदावर हाताने लिहून ती तपासून घेण्याचे महत्त्व फार वाढले आहे. मुले उत्तराच्या पानांचे फोटो काढून मार्गदर्शकांना एकेक करून पाठवतात. कोठे बोटाची सावली, कोठे पान आडवे, आणि क्रम उलटासुलटा. वास्तविक गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्येच स्कॅनची सोय आहे. ते पानाच्या कडा ओळखून कापते, सावली कमी करते आणि सगळी पाने एकाच पीडीएफमध्ये ओळीने बांधते. आयपॅडमध्ये हेच काम नोट्स अ‍ॅपमधून होते. वेगळे अ‍ॅप विकत घेण्याची किंवा जाहिराती सहन करण्याची काही गरज नाही.

एकच टॅब दोन भावंडांत वापरला जात असेल, तर बहुतेक अँड्रॉइड टॅबवर दोघांसाठी वेगवेगळे युजर करता येतात, म्हणजे धाकट्याचे खेळ थोरलीच्या अभ्यासात येत नाहीत. लहान मुलाच्या हाती टॅब द्यावाच लागला तर अ‍ॅप पिन करून द्यावे, म्हणजे पडद्यावर तेवढे एकच अ‍ॅप उघडे राहते. आयपॅडवर त्यासाठी गाइडेड अ‍ॅक्सेस आहे.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की टॅब चार्ज होत नाही, बॅटरी खराब झाली, अशी तक्रार घेऊन मुले येतात. आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, असे त्याची कंपनीच सांगते, आणि बॅटरी तापली की यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी चार्जिंग मंद करते किंवा थांबवते. टॅब टिनाच्या छताखाली उशीवर ठेवून चार्ज करू नये, जाड कव्हर काढून कूलरच्या वाऱ्यात पण पाण्यापासून दूर ठेवावा, आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. एका विद्यार्थिनीने या कारणासाठी दुरुस्तीच्या दुकानात बॅटरी बदलून घेतली होती. ते पैसे वाचले असते.

हे सगळे मुलांना ठाऊक का नसते, याचा मी बराच विचार केला. टॅबसोबत येणारी घडीची पुस्तिका इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते, आणि विकणारा फक्त पडदा किती इंची आहे ते सांगतो. यूट्यूबवरचे मार्गदर्शन बहुधा इंग्रजी वा हिंदी मेनू समोर धरून केलेले असते; त्यामुळे ज्याने हौसेने टॅबची भाषा मराठी केली, त्यालाच सांगितलेला शब्द आपल्या पडद्यावर सापडत नाही, आणि तो पुन्हा इंग्रजीकडे वळतो. मराठी वापरणाऱ्याला अशी शिक्षा होऊ नये.

म्हणून दोन विनंत्या आहेत. शासकीय संस्था असो, शाळा असो की देणगीदार मंडळ, टॅब वाटणाऱ्याने वाटपाच्या दिवशी सत्कार आणि भाषणे अर्ध्या तासात आटोपून एक तास प्रत्यक्ष वापर दाखवावा आणि मराठीतील चार पानांची पुस्तिका हाती द्यावी, जिच्यात प्रत्येक मेनूचे नाव मराठी व इंग्रजी दोन्ही पडद्यांवर जसे दिसते तसेच छापलेले असेल. आणि आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा, विद्यार्थ्यांच्या पानावर, वितभर चौकट या विषयाला द्यावी. एका चौकटीत एकच युक्ती सांगावी, सोबत पडद्याचे छायाचित्र असावे, आणि ती छापण्यापूर्वी दहावीतल्या एखाद्या मुलाकडून करून पाहावी. पहिल्या चौकटीसाठी विषय मीच सुचवते: स्पेसबारवर बोट सरकवून वेलांटी दुरुस्त करणे. तिच्यामुळे आपल्याकडे येणारी वाचकांची पत्रेही थोडी अधिक शुद्ध येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
महाल, नागपूर