जुन्या ट्रकचा रेडिएटर भंगारात घालू नका

मा. संपादक,
स. न.

दसऱ्याच्या अंकात तुम्ही जुन्या गाड्यांचे फोटो छापलेत, बघून बरं वाटलं, पण सगळ्या मोटारीच, ट्रक एकपण नाही. आमच्या वडिलांचा १९६८ चा टाटा मर्सिडीज अजून चालू आहे, खंडेनवमीला अजून हार चढतो त्याला. टाटांचा जर्मनीच्या डायम्लर-बेंझबरोबरचा करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला, म्हणून पुढच्या जाळीवर तारा असलेले हे ट्रक तेवढ्याच वर्षांतले. ऊस, गूळ, लग्नाची वऱ्हाडं, सगळं वाहिलंय त्याने.

पत्र लिहायचं कारण त्याचा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढाला इंजिनाच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला, खाली बघतो तर पाण्याची धार. गॅरेजवाला म्हणाला आता हा मिळत नाही, रिपेअर पण होत नाही, नवीन ॲल्युमिनियमचा टाकू. टाकला. मापात बसेना म्हणून अँगल वेल्ड करून घट्ट आवळला आणि चार महिन्यांत प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला धरते तिथेच फुटला. नवीन गाड्यांना ॲल्युमिनियमचा रेडिएटर चांगलाच आहे, वजनाला हलका, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या ट्रकची चासी खड्ड्यात पीळ खाते, म्हणून त्यांच्या रेडिएटरखाली रबराचे पॅड असतात, ते काढून लोखंडाला लोखंड आवळलं की तडा जाणारच. त्यात टाकी प्लास्टिकची, डाग मारायची, म्हणजे झाळून जोडायची सोयच नाही.

जुना रेडिएटर भंगारवाला तांब्याच्या भावाने मागत होता, आईने देऊ दिला नाही म्हणून वाचला. मग एक म्हातारे मिस्त्री सापडले, आयुष्यभर रेडिएटरचंच काम केलेले. त्यांनी गॅसच्या ज्योतीने वरची पितळी टाकी सोडवली आणि मला आत बघायला लावलं, निम्म्याहून जास्त नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या, बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं त्याचा थर, आणि मधूनमधून पिवळट लगदा. हळद! लीक झालं की ड्रायव्हर लोक हळद टाकायचे ना, तेवढ्यापुरती धार थांबते पण नळ्या पण बंद होतात, मग गाडी तापते आणि आपण पंपाला नाहीतर पट्ट्याला दोष देत बसतो. मिस्त्रींनी एकेका नळीत पातळ पट्टी घालून ती मोकळी केली, फुटलेल्या दोन नळ्यांची तोंडं बंद केली, टाकी परत झाळून बसवली, मग तोंडं बांधून सगळा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला आणि आत हवा सोडली. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली, मोहरीएवढे बुडबुडे, तिथे खडूने खूण करून परत डाग. तिसऱ्या वेळी पाणी एकदम शांत राहिलं. खाली नवीन रबर पॅड टाकले, बोअरचं पाणी कायमचं बंद केलं, त्यानंतर याच उन्हाळ्यात तोच चढ भर दुपारी चढलो आणि काटा मध्याच्या पुढे गेला नाही.

तांबं ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं आणि तांब्या-पितळेला डाग धरतो, म्हणून हे रेडिएटर पुन्हा पुन्हा दुरुस्त होतात. जाळी पार सडली असेल तरी वरखालच्या मूळ टाक्या ठेवून मध्ये नवीन तांब्याची जाळी बसवता येते. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले, त्यातही गाडी मूळ रूपातच पाहिजे. मग मूळचा भाग फेकायची घाई कशाला?

काळजी वेगळीच आहे. त्या मिस्त्रींकडे शिकायला पोरगा नाही. झाळात शिसं असतं, धूर नाकात जातो, बंद खोपटात बसून हे काम करायला कोण तयार होणार, आणि का व्हावं? आयटीआयवाल्यांनी अशा मिस्त्रींना बोलवून, धूर ओढून घेणारा पंखा आणि मास्क देऊन मुलांना हे शिकवावं अशी कळकळीची विनंती आहे. तुम्ही पुण्याच्या तांबट आळीवर लिहिता, तसंच कधीतरी या लोकांकडे पण वार्ताहर पाठवा, हायवेच्या कडेला एखाद्या शेडबाहेर पाण्याचा हौद दिसला की तिथे थांबायला सांगा.

आपला,
एक वाचक, कराड